मृगाआधीचे घर

सेमाडोहच्या आसपास उन्हाळा म्हणजे रिकामे दिवस नव्हेत. मजुरीसाठी बाहेर गेलेली माणसे होळीला गावात परततात, तोवर मोहफूल गळायला लागलेले असते. मोह आटोपतो न आटोपतो तोच तेंदूपत्त्याचा हंगाम उभा राहतो आणि मे महिन्याचा मोठा तुकडा खाऊन टाकतो. मग उरतो तो नवतपा आणि त्याच्या मागेपुढे मिळतील तेवढे दिवस. 25 मेच्या सुमारास रोहिणी लागतात, 7 किंवा 8 जूनला मृग. या दोहोंमधला पंधरवडा घराचा असतो. छप्पर, भिंती, खांब, जोते, चुलीमागचा कोपरा, वर्षभर ‘पाहू नंतर’ म्हणून सोडलेले सगळे याच पंधरवड्यात अंगावर येते. खाली दर्यापूर, अकोट, अकोल्याकडे घरे वेगळी आणि कामेही वेगळी, पण घाई तीच.

गंमत अशी की वऱ्हाडात उन्हाळी घरदुरुस्ती उन्हासाठी थोडी आणि पावसासाठी जास्त असते. मे 2020 मध्ये अकोल्याचा पारा 47 अंशांच्या वर गेला होता. इतक्या उन्हात माणूस छपरावर चढतो तो गारव्यासाठी नव्हे, तर महिनाभरात वरून कोसळणाऱ्या पाण्यासाठी. चिखलदऱ्याच्या माथ्यावर वर्षाकाठी दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, अकोल्यात त्याच्या साधारण निम्मा. सिपना नदीच्या खोऱ्यातले सेमाडोह डोंगराच्या बाजूचे. इथे छपरात राहिलेली खोट पहिल्या आठवड्यातच घरात उतरते.

म्हणून सगळी कामे एकदमच, मे महिन्यातच उरकून टाकावीत असे वाटते, आणि घोळ तिथेच होतो. काही कामे मेमध्येच व्हायला हवीत, काही हिवाळ्यातच झालेली असायला हवी होती, आणि एकदोन अशी आहेत की उन्हाळ्यात त्यांना हात लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

छपरापासून सुरुवात करू. मेळघाटातल्या जुन्या कोरकू घरांवर कवेलू असतात, कुंभाराने चाकावर घडवून भट्टीत भाजलेले, अर्ध्या नळीच्या आकाराचे. समोरासमोर दोन सरळ ओळींत घरे आणि मधून रुंद रस्ता अशी कोरकू गावांची ठेवण. एका टोकाला उभे राहिले की सगळ्या ओळीची आढी नजरेत येतात, आणि कुणाचे छप्पर कुठे बसले आहे ते लांबूनच कळते. कवेलूची मांडणी साधी आहे. एक थर उताणा, त्याच्या पन्हळीतून पाणी वाहते. दोन उताण्या ओळींमधली फट दुसऱ्या, पालथ्या थराने झाकायची. खिळा नाही, चुना नाही, सगळे वजनावर आणि उतारावर बसलेले. त्यामुळेच ते दरवर्षी हलते. सागाची पाने, धूळ, चिमण्यांची घरटी उताण्या पन्हळीत अडकतात. पाणी तुंबले की काठावरून आत झिरपते. कवेलू फुटलेला नसतानाही घर गळते ते यामुळे.

दुसरे कारण चार पायांचे. वानरांची टोळी गावात शिरली की झाडावरून छपरावर आणि छपरावरून छपरावर. एका उडीत दहा-पंधरा कवेलू सरकतात, तीनचार फुटतात. वऱ्हाडात अनेकांनी कवेलू काढून टिन टाकले त्यामागे पावसाइतकाच वानरांचाही वाटा आहे. कवेलू घडवणारे कुंभारही आता थोडे राहिलेत. त्यामुळे कुठे जुने घर पाडायला काढले की त्याचे कवेलू विटांच्या आधी खपतात.

घर फेरणे म्हणतात ते या कवेलूंची उलथापालथ. फेरणारा एका कडेने पट्टा उकलतो, कवेलू खाली देतो, वासे आणि त्यावरच्या कांबी झाडून घेतो, मोडकी कांब बदलतो आणि मग वळचणीपासून आढ्याकडे पुन्हा लावत जातो. खालून वर, कारण वरच्या कवेलूचे तोंड खालच्यावर यायला हवे. जाणता माणूस प्रत्येक कवेलू हातात घेतला की बोटाच्या पेराने त्यावर टकटक करतो. नीट भाजलेला, सलग कवेलू खणखणतो. केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो, आणि तो कवेलू बाजूला पडतो. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला सापडते. बाजूला पडलेलेही वाया जात नाहीत, त्यांचे तुकडे आढ्याच्या सांध्यात बसतात. मालकाने मात्र हौसेने वर चढू नये. ‘भाऊ, तुम्ही खालूनच द्या, पाय चुकला का धा कवेलू जातेत,’ असे फेरणारा ऐकवतोच, आणि त्याचे बरोबर असते. पाय वाशावर द्यायचा असतो, दोन वाशांच्या मध्ये नाही, आणि वासा कुठून जातो ते वरून दिसत नाही. कवेलू उचलताना हात आधी घालायचा नाही, काठीने हलवून पाहायचे. खालच्या सावलीत विंचू असतो. डंख झालाच तर झाडफूक करत बसू नये, थेट आरोग्य केंद्र गाठावे. लाल विंचवाचे विष हृदयावर जाते. त्यावर प्राझोसिन हे औषध चालते, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिले, त्यालाही आता काही दशके झाली.

फेराई कधी करायची? मार्च-एप्रिलमध्ये केली तर मेमधली वादळे आणि वानरे मिळून सगळे परत विस्कटतात. रोहिणी लागल्यावर केली तर मृगापर्यंत टिकते. उशीर हाच इथे शहाणपणा आहे, मात्र फेरणारे गावात मोजके असतात आणि सगळ्यांना ते एकाच आठवड्यात हवे असतात. माणूस आधीच सांगून ठेवावा.

टिनाचे गणित याच्या उलटे आहे. टिन दरवर्षी फेरावे लागत नाही, पण मेमधल्या वावटळीत जायचे झाले तर ते एकदमच जाते. संध्याकाळी चारपाचला आभाळ काळे होते, धूळ उठते, आणि कुणाचे तरी अख्खे छप्पर शेजारच्या वावरात जाऊन पडते. वाऱ्याने टिन ‘ढकलले’ असे आपण म्हणतो, पण खरे तर ते वर खेचले जाते. छपरावरून वारा वेगाने जातो तेव्हा वरचा दाब कमी होतो. त्यात दार किंवा खिडकी उघडी असली की आतली हवा खालून रेटते. ताशी 100 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर चौरस मीटरला 45 किलोच्या पुढे जातो. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद पत्र्यावर तो सव्वाशे किलोच्या आसपास होतो, आणि पत्र्याचे स्वतःचे वजन पंधरा किलोच्या आतबाहेर. वर ठेवलेले चार धोंडे आणि जुना टायर यांचा या हिशेबात काय पाड लागणार? उलट पत्रा उठला की तेच धोंडे खाली झोपलेल्यांच्या अंगावर येतात.

टिनाची तपासणी एप्रिलमध्येच करावी. हूक गंजलेत का, खालचे वॉशर उन्हाने कडक होऊन तडकलेत का, हे पाहायचे. हूक किंवा स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर असावा, पन्हळीत नाही. पन्हळीतून पाणी वाहते, तिथले भोक म्हणजे पाण्याला दिलेले दारच. सगळ्यात जास्त ओढ कोपऱ्यांना आणि वळचणीच्या काठाला बसते, म्हणून तिथे हूक जवळजवळ घ्यावेत. आणि लोकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की हूक कितीही पक्के असले तरी ज्या बल्लीला ते अडकलेत ती बल्ली भिंतीला बांधलेली नसेल तर बल्लीसकट छप्पर जाते. बल्ली खांबाला, खांब जमिनीला, अशी बांधणी खालपर्यंत हवी.

उन्हाचेही पाहू. पातळ पत्रा तापतो आणि ती धग थेट खोलीत सोडतो. कवेलूच्या जाडीत आणि सांध्यांतल्या फटींत ती बरीच अडते, फटींतून गरम हवा वर निघूनही जाते. टिनाखाली बांबूच्या तट्ट्यांचे किंवा पोत्यांचे छत केले आणि मध्ये वीतभर हवा खेळती ठेवली तर खोलीत जाणवण्याइतका फरक पडतो. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात मारणे हा स्वस्त उपाय आहे. पहिल्या पावसात चुना धुऊन गेला तरी हरकत नाही, तोवर त्याचे काम झालेले असते. 2013 मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा करणाऱ्या अहमदाबादेत पुढे वस्त्यांमधली छपरे अशीच पांढरी करून घेतली. चुना टिनावर मात्र लावू नये. ओला चुना जस्ताचा मुलामा खातो आणि पत्रा लवकर गंजतो. टिनासाठी पांढरा, ऊन परतवणारा तयार रंग मिळतो, तो घ्यावा. तुराट्या-पऱ्हाट्या टिनावर पसरून सावली करतात तीही चांगली, पण जंगलाला लागून घर असेल तर नको.

कारण या दिवसांत मेळघाटात आगीची भीती खरी असते. वनविभागाच्या लेखी 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्यांचा काळ. साग उन्हाळ्यात पाने टाकतो, जमिनीवर कुरकुरीत थर साचतो, आणि मोहफूल वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखाली लावलेली आग कधीकधी हाताबाहेर जाते. वनकर्मचारी जंगलात जाळरेषा काढतात, घरमालकाने घराभोवती तेच लहान प्रमाणात करावे. जाळायचे नाही, झाडायचे. अंगणाच्या कडेपासून पुढे तीसेक फूट पाचोळा ओढून काढावा, कुटाराचा ढीग आणि कडब्याची गंजी घराच्या भिंतीपासून दूर हलवावी, छपरावरची पाने काढावीत. फेराई रोहिणीत केली तरी पाने मार्चमध्येच झाडून घ्यायला कुणाची ना नाही.

आता लाकूड. जुन्या घरात मयाल, वासे, खांब सागाचे असतात आणि सागाला वाळवी लागत नाही असा आपला भरवसा असतो. तो अर्धाच खरा. सागाच्या गाभ्यातली द्रव्ये वाळवीला मानवत नाहीत, पण सालीलगतचे फिकट लाकूड ती आवडीने खाते. कोवळ्या सागाच्या बल्लीत गाभा थोडा आणि फिके लाकूड फार. परतवाड्याच्या लाकूड बाजारातून आणलेली नवी बल्ली आजोबांच्या मयालीइतकी का टिकत नाही, याचे उत्तर इथे आहे. ‘लाकूड आता पहिल्यासारखे येत नाही’ ही तक्रार मुख्यतः झाडाच्या वयाची आहे.

वाळवी, म्हणजे उधई, शोधायला उन्हाळा बरा. भिंतीवरून, खांबावरून चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या कोरड्या भिंतीवर स्पष्ट दिसतात. नळी खरवडून काढावी आणि दोनतीन दिवसांनी पुन्हा पाहावे. नळी परत बांधली असेल तर आत वसाहत जिवंत आहे. वाळवीला ओल लागते, म्हणून ती मोरीजवळ, माठाखाली, ओल धरणाऱ्या कोपऱ्यात आधी सापडते. आधी ओल तोडायची, मग औषध. क्लोरपायरिफॉससारखे औषध जोत्याभोवती मातीत मुरवतात. राहत्या घरांना वाळवीपासून कसे राखावे याचे भारतीय मानक आहे, आयएस 6313, त्याचा तिसरा भाग. हे औषध विहिरीजवळ, हातपंपाजवळ वापरू नये आणि हातमोज्यांशिवाय तर नाहीच. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्या घोंघावतात, ती नव्या वसाहतींची वरात असते. औषध त्याआधी झालेले असावे.

खांब कुजतो तो बहुतेक वेळा जमिनीच्या रेषेवर, वर नाही आणि खाली फार खोलही नाही. ओल आणि हवा दोन्ही तिथेच भेटतात. सुरीचे टोक त्या रेषेत दाबून पाहावे. सहज आत गेले तर खांब आतून गेला आहे. खांब मातीत पुरण्याऐवजी दगडी तळखड्यावर उभा करण्याची वाड्यांची पद्धत यासाठीच होती. नवा खांब बसवताना हा खर्च वाचवू नये.

बांबूचे काम मात्र मेमध्ये उगवते आणि चुकते. मेळघाटातली मानवेल भरीव आणि चिवट, कुडासाठी, वाशांसाठी उत्तम. पण कापल्यावर तिच्यात पिष्ट जास्त असेल तर भुंगा लागतो आणि सहा महिन्यांत वाशाखाली पिवळा भुसा पडायला लागतो. हिवाळ्यात कापलेल्या, तीन वर्षांच्या पक्क्या बांबूत पिष्ट कमी असते. मेमध्ये गरज पडली म्हणून मेमध्ये कापलेला बांबू लावला की पुढच्या मेमध्ये परत तेच काम. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवलेला बांबू खूप टिकतो. धारणीजवळच्या लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभे केलेले संपूर्ण बांबू केंद्र आहे. टोपली-सुपांपुरता समजला जाणारा बांबू घराच्या बांधकामापर्यंत नेण्याचे काम तिथे झाले. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरले, त्यामुळे ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले त्यांची बांबूची वाट काहीशी मोकळी झाली. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मात्र काय आणता येते हे वनरक्षकाला विचारूनच ठरवावे, छपरासाठी आणलेल्या चार बल्ल्यांवर गुन्हा व्हायला वेळ लागत नाही.

एक बदल ध्यानात घेण्याजोगा आहे. चुलीचा धूर वर्षानुवर्षे वाशांवर बसतो, ते काळे, चिकट होतात आणि किडीला नकोसे होतात. 2016 मध्ये उज्ज्वला योजनेतून गॅस आला, घरातल्या बाईचे डोळे आणि फुप्फुसे सुटली, हे फार चांगले झाले. पण बिनधुराच्या स्वयंपाकघरात बांबूचे वासे आता वेगळी राखण मागतात. जिथे चूल गेली तिथे उन्हाळ्यात वाशांवर तेलाचा किंवा बोरॅक्सच्या पाण्याचा हात फिरवणे घराच्या कामांत धरायला हवे.

भिंतींचे काम बायकांचे, निदान तसे मानले जाते, आणि त्यातली जाण पुरुषांना क्वचितच असते. कुडाची भिंत म्हणजे बांबूच्या कमच्या किंवा तुराट्या उभ्या-आडव्या विणून दोन्ही बाजूंनी छाबलेली. माती, शेण आणि बारीक कुटार कालवून ती मुरू द्यायची, मग हाताने लिंपायची. कुटार आणि शेणातले तंतू माती वाळताना तिला तडकू देत नाहीत. तरी भर उन्हात छाबले तर वरचा पापुद्रा आधी वाळतो, खालचा नंतर आखडतो, आणि जाळीसारख्या भेगा पडतात. म्हणून छाबायचे सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, आणि पश्चिमेच्या भिंतीला तर सकाळीच. जुन्या भिंतीवर आधी पाणी शिंपडतात, नाहीतर कोरडी भिंत नव्या लिंपणातले पाणी ओढून घेते आणि पापुद्रा सुटतो. जमिनीपासून दीडेक फुटाचा पट्टा सगळ्यात जास्त झिजतो. पावसात पागोळ्या अंगणात आपटतात आणि चिखलाचे शिंतोडे भिंतीवर मारतात. तो पट्टा दरवर्षी जाड करण्यापेक्षा वळचण हातभर पुढे काढावी आणि पागोळ्या पडतात तिथे दगडगोटे पसरावेत, पाणी आपटते पण उडत नाही.

मातीच्या भिंतीवर सिमेंट लावून ती ‘पक्की’ करण्याची हौस मला अजिबात पटत नाही. सिमेंटचा थर ताठ असतो, त्यामागची माती ओलीने फुगते, उन्हात आखडते. दोनतीन पावसांत थर सुटतो, ठोकून पाहिले की पोकळ वाजतो. आणि त्या पोकळीत, दिसेनाशी झालेली वाळवी निवांत वर चढते. मातीच्या भिंतीला मातीच हवी. घरकुलात राहायला गेल्यावरही मागे कवेलूचे जुने घर ठेवलेले पुष्कळ दिसतात. प्रधानमंत्री आवास योजनेत, 2016 पासून, घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर आहे आणि मदत सपाटीवर 1 लाख 20 हजार, डोंगराळ व दुर्गम भागात 1 लाख 30 हजार. एवढ्यात धान्य, इंधन, शेळ्या आणि पाहुणे मावत नाहीत, म्हणून जुने घर राहते आणि त्याची राखणही.

घाटाखाली उतरले की भिंतींची गोष्टच बदलते. पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती. तिच्यातली माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आखडते. मे महिन्यात वावरात हातभर काठी सहज जाईल अशा भेगा पडतात, तेच घराच्या पायाखालीही होते. घराच्या मध्यावरची माती सावलीमुळे ओल धरून राहते, कडेची सुकते. कोपरे खचतात, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी तिरपी भेग चढते, दार चौकटीत अडकते. मालक घाबरतो, गवंड्याला बोलावतो आणि मेमध्ये ती भेग सिमेंटने गच्च भरून घेतो.

हेच ते काम जे उन्हाळ्यात करू नये. मेमध्ये भेग तिच्या सगळ्यात रुंद अवस्थेत असते. पावसाळ्यात माती फुगली की भेग मिटू पाहते, मध्ये सिमेंट ताठ उभे असते, आणि मग त्याच्या शेजारी नवी भेग निघते. त्याऐवजी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहावी, आणि मध्यावरची रुंदी मिलिमीटरमध्ये टिपून ठेवावी. पावसात मिटली तर भेग ऋतूची. वर्षभर वाढतच राहिली तर मामला पायाचा, तेव्हा गवंडी नव्हे, अभियंता गाठावा. काळ्या मातीसाठी खाली फुगवटा असलेले खांब पायात घालण्याची पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली, नवे घर बांधणाऱ्याने ती विचारात घ्यावी. जुन्या घरासाठी सोपा उपाय म्हणजे जोत्याभोवतीची ओल सारखी ठेवणे. भिंतीला लागून तीनचार फुटांची फरशी बाहेरच्या बाजूला उताराची करावी, गळके नळ आणि मोऱ्या दुरुस्त कराव्यात, आणि कडूनिंबासारखे पाणी ओढणारे मोठे झाड भिंतीला खेटून लावू नये. सेमाडोहसारख्या मुरमाड उतारावर हा त्रास कमी, तिथे जोत्याला धोका असतो तो वरून वाहून येणाऱ्या पाण्याचा. घराच्या वरच्या अंगाला चर खणून ते पाणी बाजूला काढणे हे मेमधलेच काम.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात आणखी एक शत्रू आहे. बोअरचे खारे पाणी सिमेंटमध्ये गेले की काही वर्षांत भिंतीला लोणा लागतो, पांढरी भुकटी फुलते आणि गिलावा पोखरतो. लोणा पाण्याने धुऊ नये, पाण्यात विरघळून तो परत भिंतीतच जातो. कोरड्या ब्रशने झाडून भुकटी घराबाहेर टाकावी. सळ्यांच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असे आयएस 456 हे मानक सांगते. खाऱ्या पाण्याने घातलेला स्लॅब आतून गंजतो, बाहेरून दहा वर्षे काही दिसत नाही.

त्याच मानकात कोरड्या, तापलेल्या हवेत काँक्रीटवर किमान 10 दिवस पाणी मारावे असे आहे. नवतप्यात, गावात टँकरची वाट पाहिली जात असताना, घरकुलाच्या स्लॅबवर दहा दिवस पाणी कोण मारणार? पाऊस यायच्या आत स्लॅब टाकायची घाई सगळ्यांना असते. पण भर दुपारी टाकलेला आणि तहानलेला ठेवलेला स्लॅब कमकुवत राहतो, त्यावर बारीक भेगा जाळ्यासारख्या उमटतात आणि मग तो जन्मभर गळतो. टाकायचाच तर पहाटे टाकावा, आणि गोणपाट भिजवून झाकावे. स्लॅबच्या गच्चीवर उन्हाळ्यात करायचे मुख्य काम साधे आहे, पाणी जाण्याची भोके मोकळी करणे.

कूलरबद्दल थोडे, कारण वऱ्हाडात तो घराचाच भाग झाला आहे. 45 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी चांगला कूलर हवा 28 अंशांपर्यंत खाली आणू शकतो. पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली की त्याची ही ताकद जाते. खाऱ्या पाण्याने खसच्या ताट्यांवर क्षार साचतो, हवा अडते, मोटार तापते, म्हणून ताट्या दरवर्षी बदलाव्यात. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात. पत्र्याची बॉडी, पाणी आणि सैल वायर एकत्र आली की काय होणार! हंगामात पहिल्यांदा लावण्याआधी अर्थिंग तपासून घ्यावे, गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवावा, आणि टाकीत पाणी घालताना प्लग काढलेला असावा, बटण बंद केलेले पुरेसे नाही. कूलर ठेवून देतानाही एक काम राहते. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहतात आणि पुढच्या वर्षी पाणी मिळाले की उबतात. टाकी घासून, उन्हात वाळवूनच कूलर माळ्यावर चढवावा.

मृगाचा पहिला पाऊस आला की घरात बसून पाहायचे काम सुरू होते. टॉर्च घेऊन छपराच्या आतून पाहावे आणि जिथे थेंब वाशावर दिसतो तिथे खडूने खूण करावी. थेंब पडतो तिथेच कवेलू फुटलेला असतो असे नाही. पाणी वाशावरून हात-दोन हात घरंगळत येते, फुटका कवेलू वरच्या अंगाला असतो. पाऊस उघडला की खुणेपासून वर शोधत जावे. काळ्या मातीवरच्या घरात भेगा मिटायला आषाढ-श्रावण उजाडतो, आणि त्या भरण्याचे काम त्यानंतर, माती पुन्हा सुकायला लागण्याआधी, दिवाळीच्या आगेमागे करायचे, तेही ताठ सिमेंटने नाही, थोडे लवणारे भरण घालून. मधल्या काळात पोळ्याला किंवा दसऱ्याला भिंतींवर पोतारा फिरेल, तेव्हा पेन्सिलीच्या रेघा आणि तारखा असलेली जागा कोरी सोडायला घरातल्यांना आधीच सांगून ठेवावे.